बेरिलनंतर लाईट नाही (ह्यूस्टन आणि परिसर): दिवस कसे काढताय?

काठावरची | ९ जुलै २०२४, सकाळी ७:४०

काल पहाटे बेरिल चक्रीवादळ टेक्सासात माटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं आणि उजाडता उजाडता आमची लाईट गेली, ती अजून नाही. कॅटेगरी १ च्या (सगळ्यात खालच्या पायरीच्या) वादळाने एवढा हाहाकार होईल असं आमच्या गल्लीत कुणी धरून चाललं नव्हतं. रेडिओवर २२ लाखांहून जास्त ग्राहक अंधारात असल्याचं सांगत होते. वीज कंपनीचा आउटेज मॅप (कुठे लाईट नाही ते दाखवणारा नकाशा) मे महिन्यातल्या वादळापासून बंदच आहे, त्यामुळे आमचा नंबर कधी लागणार याचा काही पत्ता नाही.

घरी सासू-सासरे आलेले आहेत. सासरे इन्सुलिनवर. लेक दोन वर्षांची. शेगडी विजेची. जनरेटर नाही, गाडीत अर्धी टाकी आहे. घर दुमजली, दुपारनंतर वरच्या मजल्यावर पाय ठेववत नाही आणि आज हीट ॲडव्हायझरीही (उकाड्याचा इशारा) आहे.

इन्सुलिनचं काय करायचं, फ्रीजमधलं काय ठेवायचं नि काय टाकायचं, आणि मुख्य म्हणजे थांबायचं की निघायचं? आधी असे दिवस काढलेल्यांनी लिहा प्लीज. फोन गाडीत चार्ज करतेय, उत्तर द्यायला उशीर होईल.

पश्चिमवारा | ९ जुलै, सकाळी ८:०५

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. आजच निघा. सगळ्यांना जमत नसेल तर निदान सासू-सासरे आणि लेकीला तरी हलवा.

मी न्यू जर्सीत सँडी चक्रीवादळ बघितलंय, ऑक्टोबर २०१२. आमच्याकडे उकाड्याऐवजी थंडी होती, बाकी सगळं असंच. रोज संध्याकाळी गल्लीत एकच वाक्य ऐकू यायचं, 'उद्या नक्की येणार.' त्या 'उद्या'वर लोकांनी थंड घरात म्हातारी माणसं ठेवली, औषधं संपू दिली आणि टाक्या रिकाम्या होऊ दिल्या. लाईट आज येणार असं धरून दिवस काढायचेच नाहीत. दहा दिवस येणार नाही असं धरा आणि लवकर आली तर बोनस समजा.

आणि अर्धी टाकी आहे तोवरच निघा. गॅस स्टेशनच्या जमिनीखालच्या टाक्या भरलेल्या असतात, पण पेट्रोल वर खेचणारी मोटर विजेवर चालते. म्हणजे लाईट नाही तिथे पंप नाही, आणि लाईट आहे तिथे मैलभर रांग. सँडीनंतर न्यू जर्सीच्या १२ काउंट्यांमध्ये गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांना पेट्रोल देत होते. ती वेळ यायच्या आत शहराबाहेर पडा.

फ्यूजवाला | ९ जुलै, सकाळी ९:२०

मी वीज वितरणात काम करतो (टेक्सासात नाही, दुसऱ्या राज्यात). 'कधी येणार' याचं उत्तर माझ्याकडेही नाही, पण काम कोणत्या क्रमाने चालतं ते सांगतो. त्यावरून अंदाज बांधता येईल.

वारा ताशी ३०-३५ मैलांच्या वर असेल तर बकेट ट्रकचा (वायरमनला पाळण्यातून वर नेणाऱ्या गाडीचा) हात वर न्यायची परवानगी नसते. त्यामुळे पहिले बरेच तास 'कुणी फिरकलंच नाही' असं वाटतं. वारा पडला की आधी पाहणी होते, गाडीतून, पायी, हल्ली ड्रोननेही. मग मोठ्या पारेषण वाहिन्या, सबस्टेशनं, त्यानंतर हॉस्पिटलं आणि पाण्याचे पंप ज्यांवर आहेत असे फीडर (सबस्टेशनमधून वस्तीकडे निघणाऱ्या मुख्य तारा), मग बाकीचे फीडर, मग त्यांच्यापासून फुटून गल्लीत शिरणाऱ्या तारांच्या फांद्या, मग एकेक ट्रान्सफॉर्मर आणि अगदी शेवटी खांबावरून एकाच घराला जाणारी तार. एका दुरुस्तीत हजार घरं लागणार असतील तर ती आधी होते आणि चार घरांची मागे राहते. शेजारच्या गल्लीत झगमगाट आणि आपल्याकडे अंधार असतो तो बहुतेक वेळा यामुळे. तुमचा आणि त्यांचा फीडर वेगळा असतो, किंवा फीडर एक असला तरी तुमची फांदी तुटलेली असते. वशिला वगैरे काही नसतं.

एक गोष्ट स्वतः बघता येईल, लांबून आणि दिवसाउजेडी. तुमच्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या राखाडी डब्याच्या वर इन्सुलेटरला टेकून फूटभर लांबीची नळी असते. ती दोन्ही टोकांना अडकून जागेवर बसलेली असेल तर तिथला फ्यूज शाबूत आहे, बिघाड मागे कुठेतरी आहे आणि तुमच्याबरोबर बरेच लोक अंधारात आहेत. नळी वरून सुटून खाली लोंबकळत असेल तर फ्यूज उडालाय. म्हणजे फीडर सुरू झाला तरी तुमची पाच-सात घरं मागे राहतील. ही तक्रार आवर्जून नोंदवा आणि 'नळी लोंबकळतेय' असं स्पष्ट लिहा.

मग घराकडे वळा. छपरातून किंवा भिंतीवरून वर गेलेला पाइप, ज्यात खांबावरची तार शिरते, तो वाकला असेल किंवा मीटरचा डबा भिंतीतून उपटला असेल तर ते काम साधारणपणे घरमालकाचं असतं. वायरमन येईल, बघेल आणि पुढच्या घराकडे जाईल. त्यामुळे लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन आजच गाठा. आठवडाभराने सगळं शहर त्याच्या मागे असेल.

खाली पडलेल्या प्रत्येक तारेत वीज आहे असंच समजा. केबल टीव्हीची वाटली तरी. किमान ३५ फूट लांब राहा.

शेवंती | ९ जुलै, सकाळी १०:१०

फार्मसीत काम करते, इन्सुलिनचं सांगते.

घाबरू नका. फ्रीजबाहेर ५९ ते ८६ फॅरनहाइटमध्ये (साधारण १५ ते ३० सेल्सिअस) बहुतेक इन्सुलिनच्या बाटल्या आणि पेनं २८ दिवसांपर्यंत चालतात. काहींची मुदत वेगळी असते, खोक्यावर बघून घ्या. फ्रीज बंद पडला म्हणून लगेच फेकायची नाहीत. अडचण इतकीच की तुमचं घर ८६ च्या वर जाणार. तेव्हा कूलर घ्या, त्यात बर्फ, बर्फावर जाड टॉवेलची घडी आणि त्यावर पिशवीत इन्सुलिन. बर्फाला थेट टेकू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला जसंच्या तसं दिसतं, पण ते टाकूनच द्यावं लागतं. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात त्या कोरड्या हवेत उत्तम, पण ह्यूस्टनच्या दमट हवेत पाणीच उडत नाही, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नका. गाडीत तर मुळीच ठेवू नका. आणि सासऱ्यांची साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. उकाड्यात इन्सुलिन भरभर शोषलं जातं, शिवाय जेवणाच्या वेळा कोलमडलेल्या असतात.

वय झालं की तहान कमी लागते आणि 'मला काही होत नाहीये' हे वाक्य जास्त ऐकू येतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, गोंधळला, कातडी तापली, चालताना झोक जाऊ लागला तर तो थकवा नव्हे. ९११ लावा आणि मदत येईपर्यंत ओल्या कपड्यांनी अंग थंड करत राहा. खोलीचं तापमान ९५ च्या पुढे गेल्यावर नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. बॅटरीचा पंखा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, अंग ओलं ठेवून वारा घ्या.

कुणाकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर थांबायचा विचारच नको. सीपॅप (झोपेत श्वासासाठी हवा देणारं यंत्र) वापरणाऱ्यांनी ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद केली तर बॅटरी कितीतरी जास्त चालते.

रिकामटेकडी | ९ जुलै, सकाळी ११:००

आउटेज मॅप हवाय ना? व्हॉटाबर्गरचं ॲप उघडा. नारिंगी ठिपका म्हणजे दुकान उघडं, म्हणजे तिथे लाईट. राखाडी म्हणजे बंद. सगळं शहर सध्या बर्गरवाल्यांच्या नकाशावर चाललंय. दिवे घ्या म्हणणार होते, पण तेच तर नाहीत.

अवकाळी | ९ जुलै, दुपारी १२:१५

आम्ही केटीला. माझ्याकडे ५५०० वॉटचा जनरेटर आहे, मे महिन्यातल्या वादळानंतर घेतलेला. मित्र म्हणतो, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून घे, एक टोक जनरेटरला, दुसरं कपडे वाळवायच्या ड्रायरच्या सॉकेटला, अख्खं घर चालतं. त्याने केलंय म्हणे. करावं का?

फ्यूजवाला | ९ जुलै, दुपारी १२:२२

नाही. आणि मित्रालाही आत्ता फोन करा.

अशाने तुमच्या पॅनेलमधली वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. बाहेरून आलेल्या हजारो व्होल्टचे तो २४० करतो, तसे तुमच्या २४० चे हजारो व्होल्टही करतो. वर तार जोडणाऱ्या वायरमनला ती लाइन मेलेली वाटत असते. मेन ब्रेकर पाडला की झालं असं लोक म्हणतात, पण सगळं सुरक्षित असणं एका माणसाच्या आठवणीवर आलं ना! घरातल्या घरात धोका वेगळाच. वायर एका बाजूने निघाली की हातात उघड्या पिना राहतात, त्यांत २४० व्होल्ट.

पॅनेलमधून चालवायचं असेल तर ट्रान्सफर स्विच किंवा इंटरलॉक (जनरेटर आणि बाहेरची लाइन एकाच वेळी जोडू न देणारी सोय), तोही इलेक्ट्रिशियनकडून. नाहीतर सरळ जाड एक्स्टेंशन वायरी (१२ गेजच्या, बाहेर वापरायच्या) आणि त्यावर फ्रीज, पंखे, छोटा एसी.

दलदल_निवासी | ९ जुलै, दुपारी १:४०

लुइझियानातून लिहितोय. २०२१ च्या आयडा वादळात न्यू ऑर्लिन्सला वीज आणणाऱ्या आठही पारेषण वाहिन्या एकदम गेल्या आणि मिसिसिपीकाठचा अवाढव्य मनोराच आडवा झाला. तेव्हा जनरेटर म्हणजे काय ते इथे पोरासोरांनाही कळलं.

आधी धुराबद्दल, कारण त्याने वाऱ्या-पावसाइतकीच माणसं जातात. २०२० च्या लॉरानंतर आमच्या राज्यातल्या मृत्यूंत मोठा वाटा जनरेटरमधल्या कार्बन मोनॉक्साइडचा होता. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि झोपेतच सगळं आटोपतं. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये नाही, दार सताड उघडं ठेवूनसुद्धा नाही. पोर्चवर नाही, खिडकीखाली नाही. शेजाऱ्याच्या खिडकीखालीही नाही, हे सांगावं लागतं! पाऊस आला म्हणून आत ओढू नका, वर छत करा. बॅटरीवर चालणारा मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या खोलीजवळ असलाच पाहिजे. हल्लीच्या बऱ्याच जनरेटरना धूर साचला की आपोआप बंद होण्याची सोय असते, तरी वरचं सगळं पाळायचंच.

अवकाळी, आता कामाचं. अख्खं घर चालवायचा हट्ट सोडा. एक खोली निवडा, खालच्या मजल्यावरची, कमी खिडक्यांची. तिला ५००० बीटीयूचा खिडकीत बसणारा एसी लावा. तो चालताना साधारण ५०० वॉट खातो. दाराखालच्या फटीत टॉवेल, खिडक्यांना आतून जाड चादरी, सगळ्यांच्या गाद्या तिथेच. माणसं बारा-चौदा तास बिनविजेची काढू शकतात, पण रात्री झोप झाली नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरात भांडणं सुरू होतात आणि निर्णयही चुकायला लागतात. मी पेट्रोल झोपेसाठी राखायचो, दिवसा फक्त फ्रीजपुरतं. सकाळी दोनेक तास, संध्याकाळी दोनेक तास, मध्ये दार उघडायचं नाही.

५५०० वॉटचं यंत्र अर्ध्या लोडवर तासाला अर्धा ते पाऊण गॅलन पितं. चोवीस तास चालवलं तर दिवसाला बारा ते अठरा गॅलन, आणि तेवढ्यासाठी रोज रांगेत उभं राहायचं. छोटा २००० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर एका गॅलनमध्ये रात्रीचा बराचसा भाग काढतो. पेट्रोल भरताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यायचं. रोज ऑइल बघायचं. नव्या यंत्राचं पहिलं ऑइल २०-२५ तासांनीच बदलावं लागतं हे पुस्तिकेत असतं, पण पुस्तिका कोण वाचतं.

मेघना_प | ९ जुलै, दुपारी २:३०

पेट्रोलची कटकट नको म्हणून आम्ही बॅटरीवालं पॉवर स्टेशन घेतलं, १००० वॉट-तासांचं. घरात ठेवता येतं, आवाज नाही, धूर नाही. पण त्यातून काय होतं याची नीट कल्पना असू द्या. फ्रीज दिवसाला साधारण सव्वा युनिट खातो, म्हणजे एकट्या फ्रीजलासुद्धा पूर्ण दिवस पुरत नाही. फोन, दिवे, पंखा, वायफाय एवढ्यालाच उत्तम. सोलर पॅनेल जोडलं की गणित बरं होतं, वादळानंतर ऊन मात्र मुबलक असतं.

वायफायबद्दल: मोडेम-राउटर मिळून २० वॉटच्या आसपास घेतात, पण गल्लीतला कंपनीचा डबाच मेला असेल तर काही उपयोग नाही. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांच्याच. फोन लागत नसेल तर मेसेज टाका, तो वाट काढत जातो.

पश्चिमवारा | ९ जुलै, दुपारी ३:००

बॅटरीवाल्यांनी आणि जनरेटरवाल्यांनी भांडण नंतर करा. काठावरचीकडे दोन्ही नाही. ताई, निघालात का?

काठावरची | ९ जुलै, रात्री ९:५०

निघालो. सासरे तयार नव्हते, 'लाईट नसणं आम्हाला काय नवीन आहे, आम्ही उन्हाळे काढलेत' असं चाललं होतं. शेवटी लेकीचं अंग तापलं आणि तेच म्हणाले, चला. ऑस्टिनच्या वाटेवरची हॉटेलं भरलेली होती, आम्हाला पुढे सॅन अँटोनियोत खोली मिळाली. इन्सुलिन टॉवेलच्या घडीवर ठेवून आणलं. शेवंती, खूप आभार. नवरा उद्या परत जाणार आहे, घर आणि फ्रीज बघायला. नळी सरळ बसलेली आहे. :) फ्रीजचं कुणी सांगेल का?

शेवंती | ९ जुलै, रात्री १०:१५

बरं केलंत. जुनी माणसं उन्हाळे काढायची ती आडोशाच्या, हवा खेळत्या घरांत. इथली घरं एसी चालणार असं धरूनच बांधलेली आहेत, बंद पडला की आत हवाच फिरत नाही. त्या उन्हाळ्यांशी तुलनाच होत नाही.

फ्रीज: दार उघडलं नसेल तर चार तास. त्यानंतर मांस, मासे, दूध, शिजवलेलं, कापलेली फळं ४० फॅरनहाइटच्या (४ सेल्सिअस) वर दोन तासांहून जास्त राहिली असतील तर टाकायची. तुमचा फ्रीज काल सकाळपासून बंद आहे, तेव्हा हा विषय संपला. लोणी, कडक चीज, सॉस, जॅम बहुधा चालतात. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. आत बर्फाचे कण दिसत असतील तर पुन्हा गोठवता येतं. चाखून ठरवू नका, घातक जंतू चवीत येतीलच असं नाही. टाकण्यापूर्वी फोटो काढा, बऱ्याच घरविम्यांत खराब झालेल्या अन्नाची भरपाई असते, लोकांना माहीतच नसतं.

आणि पुढच्या वेळेसाठी: वादळाआधी फ्रीझरमध्ये कपभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय, तेव्हा फेका.

सतराव्या_मजल्यावरून | १० जुलै, सकाळी ६:३०

घरं असलेल्यांचंच चाललंय, टॉवरमधल्यांचंही ऐका. आमच्याकडे लाईट गेली की पाणी जातं, कारण वरच्या मजल्यांना पाणी पंपाने येतं. बिल्डिंगचा जनरेटर एक लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि आगीची यंत्रणा एवढंच चालवतो, तेही डिझेल आहे तोवर. वादळाआधी टब भरून ठेवला होता, तो फ्लशला कामी येतोय. टाकीत ओतत बसू नका, बादली थेट भांड्यात एकदम रिकामी केली की काम होतं, थोडं थोडं ओतलं तर नुसतं पाणी वाया.

खालच्या मजल्यावरच्या एक आजी व्हीलचेअरवर आहेत. त्यांना जिन्यातून उतरवायला पहिल्याच संध्याकाळी चार जण लागले. नंतर अंधारात, घामेजलेल्या जिन्यात ते जमलं नसतं. टॉवरमध्ये कुणी असं असेल तर लिफ्ट चालू आहे तोवरच खाली आणा.

रिकामटेकडी | १० जुलै, सकाळी ९:१०

पाण्याचं आलंच आहे तर: उकळून प्या अशी सूचना असेल तर खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट. शेगडीच नसेल तर बिनवासाचं साधं ब्लीच, ६ टक्क्यांचं असेल तर गॅलनला ८ थेंब, ढवळून अर्धा तास ठेवायचं. पिण्यासाठी आणि वरच्या वापरासाठी माणशी दिवसाला एक गॅलन धरतात. या उकाड्यात मी दीड म्हणेन.

२११ वर (मदतीच्या हेल्पलाइनवर) फोन केला तर जवळचं कूलिंग सेंटर सांगतात. लायब्ररीपेक्षा तिथे चार्जिंगला कमी गर्दी होती.

अवकाळी | १० जुलै, दुपारी १:००

मला एक कळत नाही. किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३० नोव्हेंबर हेच. तारा जमिनीखाली का नाही टाकत एकदाच्या? २००८ मध्ये आइक आलं तेव्हाही हीच चर्चा होती म्हणे.

फ्यूजवाला | १० जुलै, दुपारी १:३५

खर्च अफाट, आणि तो शेवटी बिलातच येतो. शिवाय जमिनीखालच्या केबलला झाडं तोडत नाहीत पण पुराचं पाणी शिरतं, आणि बिघाड झाला की शोधायला वेळ जातो. खांबावरचा दोष डोळ्यांना दिसतो. माझ्या मते झाडं वेळेवर छाटणं, मजबूत खांब आणि बिघडलेला तुकडा आपोआप तोडणारे स्विच, यात पैशाला पैसा परत मिळतो. सगळीकडे भूमिगत करा ही मागणी सोपी आहे, पण झाडाची फांदी छाटायला कंपनीचा माणूस आला की तोच मालक कुंपणावर उभा राहून हुज्जत घालतो.

दलदल_निवासी | १० जुलै, दुपारी २:२०

फांदीबद्दल अनुमोदन. :)

अवांतर, पण 'किती दिवस' म्हणून वैतागणाऱ्यांसाठी: २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळाने पोर्तो रिकोचं अख्खं ग्रिड झोपवलं. शेवटच्या घरांपर्यंत लाईट पोचायला जवळजवळ ११ महिने लागले. सरकारी आकडा आधी ६४ मृत्यूंचा होता, नंतर अभ्यासाअंती तो २,९७५ मान्य केला गेला. यातले कितीतरी जण वाऱ्याने गेले नाहीत. नंतरच्या महिन्यांत डायलिसिस चुकलं, औषधं मिळेनात, ऑक्सिजनची यंत्रं बंद पडली. म्हणून म्हणतो, शेजारच्या घरात एकटं कुणी राहत असेल तर दिवसातून दोनदा दार वाजवा. 'काही लागलं तर सांगा' म्हणून निघून येऊ नका, आत जा, खोलीत किती उकडतंय ते बघा.

मेघना_प | १३ जुलै, रात्री ८:४५

आली!! आणि पाच मिनिटांत परत गेली. हे काय?

फ्यूजवाला | १३ जुलै, रात्री ९:००

नेहमीचंच आहे. रोजच्या दिवसात एका फीडरवरचे सगळे एसी एकाच वेळी चालत नाहीत, कुणाचा चालू तर कुणाचा थांबलेला. इतक्या दिवसांनी लाईट येते तेव्हा प्रत्येक घर तापलेलं, प्रत्येक एसी आणि फ्रीज एकदम सुरू होतो, ओढ नेहमीच्या कितीतरी पट होते आणि फीडर पुन्हा ट्रिप होतो. म्हणून लाईट नसतानाच एसी, फ्रीज, गिझर यांचे ब्रेकर पाडून ठेवा. एक दिवा चालू ठेवा, तोच सांगेल. दिवा अर्धा तास स्थिर राहिला की एकेक ब्रेकर वर करा, एसी सगळ्यात शेवटी.

त्या अर्ध्या तासात दिव्यांकडे लक्ष असू द्या. काही खोल्यांत दिवे नेहमीपेक्षा भगभगीत आणि काही खोल्यांत मिणमिणते दिसले तर न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) तुटलेली आहे. तसं असेल तर ताबडतोब मेन पाडा आणि कंपनीला कळवा. नाहीतर टीव्ही, फ्रीज, चार्जर सगळं एका झटक्यात जातं.

काठावरची | १५ जुलै, सकाळी १०:३०

आमचीही काल आली. मेन पाडून ठेवला होता, फ्यूजवाल्यांनी सांगितलं तसं एकेक करून चालू केलं, सगळं ठीक. सासऱ्यांची साखर जागेवर आहे. फ्रीज रिकामा केला, पण वास जात नाहीये. आणि नवऱ्याने शेवटी छोटा इन्व्हर्टर जनरेटर मागवलाय.

शेवंती | १५ जुलै, सकाळी ११:०५

फ्रीजमधले कप्पे, ड्रॉवर काढून साबणाच्या पाण्याने, मग पाण्यात बेकिंग सोडा घालून पुसा. दाराच्या रबराच्या घडीत आणि फ्रीजमागच्या पाणी गोळा होणाऱ्या ट्रेमध्ये बघा, मांसाचं पाणी तिथे उतरलेलं असतं आणि वास बहुतेक वेळा तिथलाच असतो. मग दार उघडं ठेवून दिवसभर सुकू द्या.

अवकाळी | १५ जुलै, दुपारी १२:४०

माझा जनरेटर आता गॅरेजमध्ये ठेवतोय. टाकीत तीनेक गॅलन उरलंय आणि दोन कॅनही भरलेल्या आहेत. तसंच ठेवू का पुढच्या वादळासाठी?

दलदल_निवासी | १५ जुलै, दुपारी १:१५

तसंच ठेवलंत तर ऐन वेळी दोरी ओढून खांदा निखळेल. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, काही महिन्यांत ते खराब होतं आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. कॅनमधलं पेट्रोल गाडीत ओतून टाका. जनरेटरच्या टाकीतलं हातपंपाने काढून तेही गाडीतच. मग पेट्रोलचा कॉक बंद करून यंत्र आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. ऑइल बदला. सीझन नोव्हेंबरअखेरपर्यंत आहे, तेव्हा महिन्यातून एकदा बाहेर काढून ताज्या पेट्रोलवर वीस मिनिटं चालवा, त्यावर पंखा किंवा काहीतरी लोड लावून. आणि कॅन गॅरेजमध्ये गिझरजवळ ठेवू नका, गॅसचा असेल तर त्याची ज्योत चालू असते.